अभ्यासदौरा : घंटा आणायची की छापखाना?

प्रशासनात ‘अभ्यासदौरा’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू उमटते. वाहनाची व्यवस्था, विश्रामगृहातील मुक्काम, विशेष दर्शन, शाल-श्रीफळ, समूहछायाचित्र आणि परतल्यावर प्रवासभत्त्याच्या देयकासोबत जोडलेला दोन पानी अहवाल, हे त्याचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. अहवालातील शेवटचे वाक्यही बहुधा ठरलेले असते : ‘सदर व्यवस्था अनुकरणीय असून आपल्याकडेही राबविण्यास हरकत नसावी.’ पुढे ती राबविली जात नाही, आणि हरकतही कोणी घेत नाही. त्यामुळे ते हसू अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही.

तरीही अभ्यासदौरे बंद करावेत, असे मला वाटत नाही. उलट, धर्मस्थळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळींनी तर एकमेकांकडे अधिक वेळा जावे, असे माझे आग्रही मत आहे. देवस्थानच्या विश्वस्तांनी गुरुद्वाऱ्यात जावे, गुरुद्वारा समितीच्या सेवादारांनी चर्चमध्ये जावे, चर्चच्या मंडळींनी देवळात यावे. श्रद्धा ज्याची त्याच्याजवळ राहो; परंतु पादत्राणे कोठे ठेवायची, पंगत कशी उठवायची, म्हाताऱ्या माणसाला पायरी कशी चढवायची आणि शेवटच्या रांगेतील श्रोत्याला प्रवचन कसे ऐकू जाईल, हे प्रश्न सर्व धर्मांना सारखेच पडतात. जावे की न जावे, हा वादाचा मुद्दाच नाही. तेथे काय पाहावे आणि परतताना काय घेऊन यावे, हा खरा प्रश्न आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते चंदीगडमधील वास्तव्यात. १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित असलेले हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे, आणि धर्मस्थळांच्या व्यवस्थापनाचे इतके वेगवेगळे नमुने इतक्या जवळ क्वचितच एकत्र आढळतील. शहराला लागून असलेल्या पंचकुल्यात माता मनसादेवीचे मंदिर आहे. त्याचा कारभार हरियाणा शासनाने १९९१ च्या कायद्याने स्थापन केलेल्या मंडळाकडे आहे. अमृतसरचे हरमंदिर साहिब शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या अखत्यारीत येते, आणि तिचा कायदा १९२५ चा आहे. कटरा येथून वर जाणारी वैष्णोदेवीची यात्रा १९८६ पासून स्वतंत्र मंडळ चालविते. शहराच्या सेक्टरांमधून साधी, विटा-काँक्रीटची चर्च आहेत, छोटी मंदिरे आहेत, मशिदी आहेत. प्रशासनाच्या विद्यार्थ्याला एका आठवड्यात एवढे विविध वर्ग दुसरीकडे सहसा मिळणार नाहीत.

मूळ मुद्द्याकडे येण्यापूर्वी आपल्याच इतिहासातील दोन उदाहरणे वाचकांसमोर ठेवतो. दोन्ही उदाहरणांत ख्रिस्ती धर्मसंस्थेकडील तंत्र मराठी माणसाकडे आले आहे, परंतु येण्याची रीत मात्र अगदी भिन्न आहे.

पहिले उदाहरण घंटेचे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या मोहिमेत तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि पुढे त्या महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण झाल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावरही आहे, आणि तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आजही दिसते. विजयाचे चिन्ह म्हणून त्या घंटांना मान मिळाला, तो योग्यच होता. परंतु घंटेसोबत दुसरे काय आले, याचा विचार करावा. चर्चमधील मोठी घंटा ही केवळ नाद करणारी वस्तू नव्हती. तिच्यामागे वेळापत्रक होते. कोणत्या प्रहरी किती ठोके, प्रार्थनेला कोणते, मृत्यूच्या वार्तेला कोणते, हे ठरलेले असे, आणि ते ठोके देणारा माणूसही नेमलेला असे. त्याहून मागे घंटा ओतण्याची भट्टी होती. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील, या मिश्रणाचे ज्ञान असलेले कारागीर तेथे काम करीत. आपल्याकडे घंटा आली. वेळापत्रक आले नाही, आणि ओतशाळाही आली नाही. जिंकून आणलेल्या वस्तूची हीच मर्यादा असते. ती टांगता येते, वाढविता येत नाही.

दुसरे उदाहरण छापखान्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथील काम पाहून गणपत कृष्णाजी यांच्या मनाने घेतले, की आपणही छापखाना काढावा. त्यांनी यंत्र विकत आणण्यापासून सुरुवात केली नाही. लाकडाचे यंत्र स्वतः घडविले, शाई स्वतः बनवून पाहिली, शिळाछापाचे तंत्र आत्मसात केले, आणि पुढे अक्षरांचे खिळेही पाडले. छापील मराठी पंचांग घरोघर पोहोचविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. छापण्याच्या शाईत चरबी असते, या समजुतीमुळे सोवळी मंडळी छापील पोथीला हात लावीत नसत. म्हणून त्या काळी तुपात खललेली शाई वापरली जाई, असे सांगतात. मिशनऱ्यांना ही अडचण पडलेली नव्हती. ती आपल्या समाजाची होती, आणि तिचा उपायही आपल्याच समाजात शोधावा लागला.

घंटा आणणे आणि छापखाना शिकणे, यांत जो फरक आहे तोच अभ्यासदौऱ्याच्या यशापयशातील फरक आहे. घंटा आणणारा तयार वस्तू पाहतो. छापखाना शिकणारा ती वस्तू कशी घडते, कशी बिघडते, कोण दुरुस्त करतो आणि आपल्या मातीत ती रुजविण्यासाठी काय बदलावे लागेल, हे पाहतो. आमचे बहुतेक दौरे, दुर्दैवाने, घंटेचे असतात.

सर्वच दौरे तसे असतात, असे मात्र नाही. सौरऊर्जेवर स्वयंपाक करण्याचे तंत्र आपल्या देशातील धर्मस्थळांमध्ये ज्या पद्धतीने पसरले, ते छापखान्याच्या जातीचे उदाहरण आहे. वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या परावर्तक तबकड्या राजस्थानात अबू रोड येथील ब्रह्माकुमारींच्या परिसरात मोठ्या स्वयंपाकघरासाठी बसविल्या गेल्या. तेथे ८४ तबकड्या होत्या. त्यानंतर तिरुमला देवस्थानाच्या स्वयंपाकघरासाठी १०६ तबकड्या बसल्या. पुढे २००९ मध्ये शिर्डीच्या साईप्रसादालयात ७३ तबकड्यांची व्यवस्था उभी राहिली. आकडा कमी झाला म्हणजे व्यवस्था लहान झाली, असे कोणाला वाटेल. परंतु आधीच्या तबकड्या सुमारे नऊ चौरस मीटरच्या होत्या, तर शिर्डीच्या सोळा चौरस मीटरच्या. एकूण परावर्तक क्षेत्र वाढले, आणि फिरविण्याची व पुसण्याची यंत्रे मात्र कमी झाली. आधीच्या दोन ठिकाणांचा अनुभव जमेस धरल्याशिवाय असा बदल सुचत नाही.

या यंत्रणेचे कार्य समजावून घेण्यासारखे आहे. तबकडी सूर्याबरोबर हळूहळू फिरते आणि किरणे एका ठरावीक बिंदूवर एकवटते. तेथील पाण्याची वाफ होते, वाफ नळांतून स्वयंपाकघरात जाते, आणि भात व वरण त्या वाफेवर शिजतात. पाहुण्याला गच्चीवरील आरशांची रांग दिसते, आणि तो प्रभावित होऊन खाली उतरतो. परंतु आरशांवर धूळ बसली की वाफ कमी होते, म्हणून ते नियमित पुसावे लागतात. ऋतू बदलतो तसा सूर्याचा मार्ग बदलतो, म्हणून तबकडीचा कल व आकार हाताने जुळवावा लागतो. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले, की इंधनावरील बॉयलर तयार ठेवावा लागतो, कारण ढग आले म्हणून पंगत थांबत नाही. तेव्हा गच्चीवर चढून ‘किती तबकड्या?’ असे विचारणारा पाहुणा घंटा पाहतो. ‘पुसतो कोण, आणि पावसाळ्यात काय करता?’ असे विचारणारा छापखाना पाहतो.

चंदीगडमध्ये असताना काही प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना घेऊन मी धर्मस्थळांच्या अशा भेटी आखीत असे. उत्सवाचा दिवस टाळायचा, पूर्वसूचना आवश्यक तेवढीच द्यायची आणि पुढच्या दाराने न जाता मागच्या दाराने जायचे, असे आमचे तीन नियम होते. त्यांतील दोन भेटी येथे नमूद करतो.

पहिली भेट शहरातील एका चर्चची होती. सभागृह लांबट होते, छत उंच आणि भिंती काँक्रीटच्या. अशा जागेत आवाज घुमतो आणि शब्द विरघळतात. तरीही शेवटच्या बाकावर बसून आम्हाला समोरून वाचला जाणारा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. समोर दोन मोठे भोंगे लावण्याऐवजी तेथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर लहान, उभट ध्वनिक्षेपक बसविले होते आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवला होता. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटर लांबीच्या सभागृहात वक्त्याचा मूळ आवाज मागे पोहोचण्यास जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो, आणि तारेतून जाणारा आवाज मागच्या ध्वनिक्षेपकातून तत्काळ निघतो. दोन्ही आवाज वेगवेगळ्या क्षणी कानी पडले, की शब्द दुहेरी होतो. म्हणून मागच्या ध्वनिक्षेपकांना तेवढाच विलंब मुद्दाम दिलेला होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम देशात २००० पासून आहेत. ते मोडणाऱ्यांवर कारवाई करण्यात आमची यंत्रणा थकते. परंतु आवाज न वाढविता ऐकू जाण्याची सोय होऊ शकते, हे शिकविण्याकरिता कोणी कोणाला अशा सभागृहात नेत नाही.

तेथील देखभाल पाहणारे गृहस्थ वयस्क होते. आमच्यापैकी एकाने उपकरणांची नावे आणि किमती उतरवून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी कपाटाच्या दाराआड खिळ्याला टांगलेली एक वही काढून माझ्या हाती दिली. “साहबजी, मशीन तो बाजार में मिल जाएगी. यह कॉपी भी देख लीजिए,” असे ते म्हणाले. वहीत पहिल्या पानावर कोणती तार कोठून कोठे जाते याची हाताने काढलेली आकृती होती. पुढे तारीखवार नोंदी होत्या : कोणता ध्वनिक्षेपक केव्हा खरखरला, कारण काय निघाले, कोणी दुरुस्त केला, किती खर्च आला. उपकरणांच्या किमती उतरविणाऱ्या अधिकाऱ्याने आपली यादी बाजूला ठेवली आणि त्या वहीचे रकाने उतरवून घेतले. त्या दिवशीची सर्वांत मोठी कमाई तीच होती, असे मी मानतो.

दुसरी भेट एका गुरुद्वाऱ्याच्या लंगरची. लंगर म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर अमृतसर येते, आणि ते स्वाभाविक आहे. हरमंदिर साहिबमध्ये एरवीच्या दिवशीही पन्नास हजारांहून अधिक लोक जेवतात आणि सणाच्या दिवशी हा आकडा लाखावर जातो. पोळ्या करण्याची यंत्रे तेथे आहेत आणि दूरचित्रवाणीवर ती वारंवार दाखविली जातात. आम्ही मुद्दाम लहान गुरुद्वारा निवडला, कारण लहान ठिकाणी यंत्र कमी असते आणि पद्धत उघडी दिसते. तेथील सेवादारांनी आम्हाला चुलीकडे न नेता प्रथम उष्टी भांडी घासण्याच्या जागी नेले. ताट जेवणाऱ्याच्या हातून सेवादाराच्या हाती, तेथून उष्टे काढण्याच्या पिंपाकडे, मग तीन निरनिराळ्या हौदांतून, आणि शेवटी जाळीवर, असा त्याचा एकेरी प्रवास होता. धुतलेले ताट आणि उष्टे ताट एकमेकांसमोर येतच नव्हते. जेवून उठणारी पंगत ज्या दाराने जाई, त्या दाराने आत येण्यास मनाई होती. रांगेचा सारा शास्त्रार्थ या एका नियमात आहे : येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची वाट एक असू नये.

हा नियम पाळला न गेल्यास काय होते, हे आपण फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. डोंगरावरील देऊळ, अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकाने आणि पेटलेली आग, ही त्या दुर्घटनेची अंगे होती. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ३ ऑगस्ट २००८ रोजी, चंदीगडपासून काही तासांच्या अंतरावरील हिमाचल प्रदेशात नैनादेवीच्या डोंगरावर श्रावणातील मेळ्यात दरड कोसळल्याची अफवा पसरली, आणि दीडशेच्या आसपास भाविक दगावले. त्यांत पंजाबातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती, स्त्रिया आणि मुले होती. देऊळ डोंगरावर, वाट अरुंद, आणि वर जाणारा लोंढा व खाली उतरणारा लोंढा समोरासमोर. दोन प्रांत, दोन भाषा. दुखणे मात्र एकच.

माझ्या सेवेत मी जे अभ्यासदौरे पाहिले, ते सर्व नावाजलेल्या ठिकाणी गेले. तिरुपतीला गेले, शिर्डीला गेले, शेगावला गेले. मांढरदेवीला अभ्यासासाठी गेलेला एकही दौरा माझ्या पाहण्यात नाही. यशस्वी ठिकाणी स्वागत होते, प्रसाद मिळतो, सांगणाऱ्यालाही आनंद असतो. अपयशाच्या ठिकाणी कोणी बोलावत नाही, आणि जाण्यात आपल्यालाही संकोच वाटतो. परंतु वैद्यकाचा विद्यार्थी केवळ धडधाकट माणसे पाहून वैद्य होत नाही.

शिवाय नावाजलेली ठिकाणेही संकटमुक्त नसतात. वैष्णोदेवीच्या मार्गावर यात्रापर्चीची पद्धत अनेक वर्षे चालू होती आणि तिचे कौतुकही होत असे. तरीही १ जानेवारी २०२२ च्या पहाटे तेथे चेंगराचेंगरीत बारा भाविक मृत्युमुखी पडले. पुढे त्याच वर्षी पर्चीच्या जागी आरएफआयडी कार्डे आली. तिरुपतीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दर्शनाची वेळ लिहिलेले टोकन द्यावे म्हणजे माणसे तासन्‌तास रांगेत उभी राहणार नाहीत, ही कल्पना देशभर तेथूनच गेली, आणि ती चांगलीच आहे. परंतु ८ जानेवारी २०२५ रोजी वैकुंठ एकादशीच्या दर्शनाची टोकने घेण्यासाठी तिरुपती शहरातील केंद्रांबाहेर गर्दी उसळली आणि सहा माणसे दगावली. मंदिराच्या दारातील गर्दी टोकनाने हटविली; टोकनाच्या खिडकीवरील गर्दीचे काय, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा होता. टोकनाची कल्पना उचलणाऱ्या प्रत्येक देवस्थानाने २०२५ चा हा प्रसंगही सोबत उचलला पाहिजे. तो वगळून केवळ टोकनाचे यंत्र आणणे, ही पुन्हा घंटाच झाली.

अशा व्यवस्थापनात यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व लोकांच्या मनातील रीतीला असते, हेही दौऱ्यावर जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, हे खरे. परंतु लाखो वारकरी त्या बारीत उभेच राहत नाहीत. नामदेव पायरीवर माथा टेकवून आणि कळसाला हात जोडून ते तृप्त मनाने परततात. कळसदर्शनालाही दर्शनच मानण्याची ही परंपरा गर्दीचा केवढा तरी भार हलका करते, आणि तिच्यासाठी एक रुपयाची निविदा काढावी लागत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पाहुणे स्वच्छता पाहून थक्क होतात. परंतु फरशी पुसण्याचे यंत्र हे त्या स्वच्छतेचे रहस्य नसून, पाळी ठरवून निरपेक्ष सेवेला येणारे सेवाधारी आणि त्यांना लावलेली शिस्त हे आहे. ती शिस्त उभी करण्यात शिवशंकरभाऊ पाटील यांनी आयुष्य वेचले. यंत्र आठवड्यात येते. सेवाधाऱ्याची पाळी बसविण्यास वर्षे लागतात. अहवालात पहिले लिहिले जाते, दुसरे राहून जाते.

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की धर्मस्थळांचा कारभार हा श्रद्धेचा विषय आहे, तेथे शासकीय पद्धतीची चौकशी कशाला? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. विधी, उपासना आणि परंपरा यांत अधिकाऱ्याने नाक खुपसू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु जिना, विजेची तार, पिण्याचे पाणी आणि बाहेर पडण्याचे दार हे उपासनेचे विषय नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनासंबंधी २०१४ मध्ये सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती वाचावीच. तथापि छापील मार्गदर्शिका आणि प्रत्यक्ष पायरी यांमध्ये जे अंतर असते, ते शेजारच्या धर्मस्थळाची पायरी चढूनच कळते. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. त्याला उत्तर असे, की उत्तम दौरा बहुधा आपल्या गावातच होतो आणि त्याला प्रवासभत्ता लागत नाही.

म्हणून अशा प्रत्येक भेटीत पाच प्रश्न विचारले जावेत, अशी माझी सूचना आहे.

१) ही व्यवस्था कोणत्या दिवशी कोलमडली होती, आणि त्या दिवशी काय केले? ‘कधीच नाही’ असे उत्तर आले, तर ते उत्तर देणाऱ्यापेक्षा झाडू मारणाऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

२) बिघाड झाल्यास दुरुस्त कोण करतो, तो किती वेळात येतो, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

३) हे काम करणारी माणसे कोण? पगारी की सेवेकरी, त्यांची पाळी किती तासांची, आणि त्यांना शिकविले कोणी?

४) वृद्ध, अपंग, तान्ह्या मुलाची आई आणि ऐकू कमी येणारा माणूस यांच्यासाठी वेगळे काय केले आहे? ते दाखवावयास सांगावे. केवळ ऐकून घेऊ नये.

५) नवी व्यवस्था आणताना जुने काय बंद केले? काहीही बंद न करता जे जोडले जाते, ते लवकरच अडगळीत जाते.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक पान लिहावे. त्यात ‘अनुकरणीय’ हा शब्द वापरण्यास बंदी असावी. आम्ही काय करणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार आणि पाहिलेल्यांपैकी काय मुद्दाम करणार नाही, एवढीच चार उत्तरे त्यात असावीत. चौथे उत्तर सर्वांत अवघड असते, म्हणून ते सक्तीचे करावे. सहा महिन्यांनी ज्या ठिकाणी आपण गेलो होतो, तेथील मंडळींना आपल्याकडे बोलवावे आणि आपली व्यवस्था त्यांच्या नजरेखालून घालावी. पाहुणचाराची परतफेड होते, आणि आपण काय समजून घेतले व काय चुकीचे समजलो, हेही उघड होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. परप्रांतांतील आणि परदेशांतील आपली मंडळे गणेशोत्सव करतात, तेव्हा भाड्याच्या सभागृहात दोन-चारशे माणसे एका संध्याकाळी येतात. आरती, महाप्रसाद, मुलांचे कार्यक्रम, पादत्राणांचा ढीग, एकच दार, त्यातच समईची ज्योत आणि विजेच्या तारा. प्रमाण लहान आहे, एवढाच फरक. त्याच गावात वर्षाचे बावन्न रविवार शेकडो माणसांची ऊठबस बिनबोभाट करणारे चर्च असते, आणि रोज पंगत उठविणारा गुरुद्वारा असतो. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला? संत नामदेव महाराष्ट्रातून पंजाबात आले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्याच घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इकडे नांदेडला गुरु गोविंदसिंगांचे तख्त आहे. ज्या दोन प्रांतांनी एकमेकांच्या संतांना घरात घेतले, त्यांनी एकमेकांच्या स्वयंपाकघरात डोकावण्यास संकोच करू नये.

तेव्हा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक साधा ठराव मांडावा, अशी वाचकांना विनंती आहे. येत्या गणेशोत्सवापूर्वी मंडळातील तिघांनी जवळच्या चर्चमध्ये आणि गुरुद्वाऱ्यात, एखाद्या कामाच्या दिवशी, सांगून-विचारून जावे. त्या तिघांत एक स्वयंपाकाची जबाबदारी घेणारी व्यक्ती असावी, एक ज्येष्ठ नागरिक असावा, आणि एक तान्हे मूल असलेली आई असावी. पदाधिकारी नसले तरी चालेल. जाताना वर दिलेले पाच प्रश्न आणि एक कोरी वही सोबत न्यावी. छायाचित्रे काढली नाहीत तरी हरकत नाही. तेथील दरवाजे मात्र मोजून यावेत, आणि परतल्यावर आपल्या सभागृहाचेही मोजावेत.